दहांपैकी सातवा

वार्दोच्या बंदरात मी कॉड सोलतो, तीस वर्षं.
कण्याला धरून सुरी कशी फिरवायची
ते डोळे मिटूनही दाखवीन.
तरी कोर्टाचं पत्र आलं तेव्हा जेवण गेलं नाही.
ज्युरीत दहा जण. माझी खुर्ची सातवी.

डॉक्टर ओमुट विमानाने आले होते, दक्षिणेकडून.
पडद्यावर बाळाचा मेंदू.
जांभळ्या डागावर त्यांनी लाल ठिपका धरला
आणि म्हणाले, हे हातांनीच होतं,
दुसरं कारण नाही.
ठिपका जरासुद्धा हलला नाही.
खरं सांगायचं तर मला तो ठिपकाच पटला.
कापायचं काम करणारा माणूस
न थरथरणाऱ्या हाताला मान देतो.

गुनवोर मुलं सांभाळायची, स्वतःच्या स्वयंपाकघरात.
तिने एवढंच सांगितलं:
तो दूध ओकला, मग निजला.
ती रडली नाही,
हेही आम्ही तिच्या खात्यावर मांडलं.

पाचामुखी परमेश्वर म्हणतात.
आमची तर दहा तोंडं.
कॉफी निवायच्या आत ठरलं.

अकरा वर्षांनी
आयोगाने इस्पितळाच्या तळघरातून
काचपट्ट्यांचा डबा वर आणवला.
तीन नव्या डॉक्टरांनी तेच डाग पाहिले. तेच.
लिहिलं: शिरेत गुठळी असावी,
कदाचित जन्मापासूनची,
सांगता येत नाही.

सांगता येत नाही!
हे त्या दिवशी कुणी म्हणालं असतं
तर मी खुर्चीतच सैल झालो असतो.
पण मीही विचारलं नाही.
विचारायची मुभा होती, कागदावर छापलेली होती.

डॉक्टर ओमुट आता निवृत्त आहेत,
म्हणे गुलाब लावतात.
त्या बाळाच्या आईला कुणी काय कळवलं, मला ठाऊक नाही.
अकरा वर्षं तिच्यापाशी निदान एक नाव होतं
राग ठेवायला.

जानेवारीत, दुपारी दोनच्या अंधारात,
गुनवोर दुकानात दिसली. केस पांढरे, कोट जुनाच.
मी टोपली घेऊन पिठाच्या रांगेत वळणार होतो,
तोवर तिने पाहिलं.
ओळखलं की नाही, कोण जाणे.

"बटाटे बारीक आहेत यंदा," ती म्हणाली.

मी म्हटलं, हो.

कोर्टातही मला एवढंच विचारलं होतं,
हो की नाही.
याच आवाजात म्हटलं होतं मी,
घसा न खाकरता.