काही दोष दूर केले आहेत

ओजस म्हणतो, काका, ही गेम कुणीच खेळत नाही.
मारामारी नाही, लेव्हल नाही,
नुसता ट्रक चालवायचा.
मी म्हणालो, म्हणून तर.

गायधनींचा हा पोरगा माझ्या फोनचा डॉक्टर.
फी, बिटको चौकातली एक भेळ.
दाढी फुटायच्या आधी त्याला मतं फुटली:
मधेच जाहिरात दाखवते ती गेमच नव्हे,
पैसे भरून जिंकतो तो माणूसच नव्हे,
आणि चांगली चाललेली गोष्ट अपडेटनंतर बिघडतेच.
या तिसऱ्यावर आमचं एकमत.
बँकेच्या अ‍ॅपने परवा 'शिल्लक'चं बटण हलवलं,
दोन दिवस मी स्वतःला गरीब समजत होतो.

एकतीस वर्षं प्रेसमध्ये काढली.
नोटा छापल्या नाहीत, तपासल्या.
शाई पसरली, आकडा सरकला, रेघ तुटली
की ताव बाजूला.
लोक म्हणायचे, हा रोज कोटींत खेळतो.
खेळतो कसला!
दिवसभर चुका शोधायच्या
आणि झडती देऊन रिकाम्या खिशाने घरी,
भोंगा ऐकून कुकर चढवणाऱ्या बायकोकडे.

आता सुलभा झोपली की
जेलरोडच्या गॅलरीत बसून
मी कुठल्याशा बर्फाळ देशात लाकडाचे ओंडके पोचवतो.
लायसन नाही माझ्याकडे, कधीच नव्हतं.
द्वारकेचा चौक मला पायी ओलांडतानाही धडकी भरते.
पण तिथे मी रिकाम्या रस्त्यालाही
इंडिकेटर देतो.
ओजस हसतो, कोण बघतंय काका?
बघायला कोणी असावंच लागतं का रे.

आणि एका रात्री दिसला तो खांब.
पूल संपल्यावर, डाव्या हाताला,
दिव्याचा खांब, जमिनीपासून बोटभर वर.
खाली सावली, वर तो, मधे काही नाही.
मी ट्रक थांबवला.
मागच्यांनी हॉर्न वाजवले. खोटेच होते, वाजवू दिले.
नजर अजून मेली नाही, या आनंदात
सुलभाला उठवणार होतो.
काय म्हणाली असती ते माहीत होतं, म्हणून राहिलं.

मग रोजच थांबायला लागलो.
इंजिन बंद करून बसायचो.
बर्फ पडायचा. खांब तसाच अधांतरी,
दिवा चालू, पाय टेकलेले नाहीत.
कधी त्याच्याशी बोललो असेन.
पेन्शनबद्दल, गुडघ्याबद्दल,
त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पण एकतीस वर्षं अशी सुटत नाहीत.
एका रविवारी ओजसला बसवलं, कंपनीला कळवलं.
मी मराठीत सांगितलं, त्याने त्यांच्या भाषेत टाइप केलं:
पुलानंतर, डावीकडे, चौथा खांब, बोटभर.
तो म्हणाला, काका, असलं कुणी वाचत नाही.
मी म्हणालो, नसतील वाचत.
म्हणताना बरं वाटलं.

सात आठवड्यांनी अपडेट आलं, पावणेतीनशे एमबी.
खाली एकच ओळ: काही दोष दूर केले आहेत.
ओजसने मोठ्याने वाचली, टाळी मागितली.
मी दिली.

रात्री पुलापर्यंत गेलो.
खांब जमिनीवर होता.
अगदी नियमात.
चौथा कुठला, पाचवा कुठला, ओळखू येईना.

वालदेवीच्या अंगाला एक खरं कुत्रं भुंकत होतं.
बाजूला काढलेल्या तावांचं पुढे काय होतं
हे खात्यात सगळ्यांना ठाऊक असायचं,
कुणी बोलायचं नाही.

गेम विचारतेय, किती तारे द्याल?
सकाळी ओजस म्हणेल, पाच द्या काका, तुमचं ऐकलं त्यांनी.
मी तीनवर बोट धरून बसलोय.
मागे ओंडके, पुढे सगळं बरोबर,
आणि इंडिकेटर,
तो मघापासून चालूच राहिलाय.