चार लाख बारा हजार

ओमाहातला फेब्रुवारी, मंगळवार,
मिसेस लिंडक्विस्टच्या ऑफिसात तिसऱ्या मजल्यावर
घर वाटून झालं, गाड्या झाल्या, निवृत्तीचा फंड झाला,
इडलीपात्रसुद्धा झालं (ते मला),
आणि मग तिने चष्मा पुसत विचारलं,
माइल्सचं काय करायचं?

चार लाख बारा हजार.
पराग म्हणाला, मैलाला पाऊण सेंट. फार तर.
माझी वकील म्हणाली, दीड,
बिझनेस क्लास धरला तर दोनसुद्धा.
तो म्हणाला, बिझनेस क्लासने आम्ही गेलोच कधी?
ते खरं होतं.
बाजारात तुरी, माझ्या मनात आलं,
पण पुढचं इंग्रजीत कसं सांगायचं ते सुचेना.

मला त्यातले कितीतरी ओळखू येतात.
सोमवारची पहाटे चारची टॅक्सी, डॅलस,
डॅलस, परत डॅलस, एक अख्खा हिवाळा.
ईराच्या दातांच्या तारा कार्डावर भरल्या त्याचे
चार हजार आठशे.
बर्फ उडवायचं मशीन, जे दोनदा वापरलं.
आणि त्याचे बाबा गेले त्या रात्री
दोन वाजता आम्ही एकाच स्क्रीनपुढे बसलो होतो
खांद्याला खांदा लावून:
फुकटची जागा एकही नाही, पुढचे अकरा दिवस नाही.
शेवटी रोखीने तिकीट, एकोणीसशे डॉलर.
त्या जाण्यायेण्याचेही जमा झाले,
सोळा हजार.

खर्च करायचे होते लिस्बनसाठी.
साठ हजारांत जाता यायचं तेव्हा तो म्हणाला,
थांबू, ऑफर येईल.
पंच्याऐंशी झाले तेव्हा मी म्हणाले, थांबू,
ईराची परीक्षा आहे.
मग आम्ही विचारायचंच सोडलं.
आकडा मात्र वाढत राहिला,
कुणी पाणी न घालता वाढणाऱ्या
कुंपणापलीकडच्या गवतासारखा.

कंपनीचं म्हणणं विचाराल तर शून्य.
बारीक अक्षरात लिहिलंय, हे तुमचे नाहीतच,
आम्ही कधीही बदलू, कधीही काढून घेऊ.
मिसेस लिंडक्विस्टने ते मोठ्याने वाचलं
आणि कुणीच काही बोललं नाही.
खाली रस्त्यावर मिठाची गाडी गेली.

सव्वाला नाही, एक पूर्णांक दोनला तुटलं.
मैल त्याच्याकडे, निम्मे पैसे मला:
दोन हजार चारशे बहात्तर.
मी पेनने गुणाकार करून पाहिला, बरोबर होता.

पार्किंगमध्ये दोन्ही काचांवर बर्फ धरलेला.
खरवडणी घरी. म्हणजे, त्याच्या घरी.
त्याने पाकिटातून सोनेरी मेंबरकार्ड काढलं
आणि आधी माझी काच खरवडायला घेतली,
वरून खाली, वरून खाली, हातमोजे न घालता.
कोपरा टचकन तुटला.
त्याने तुकडा उचलून तारीख पाहिली,
म्हणाला, मार्चपर्यंतच होतं तसंही.