निरंक

नाक्यावरच्या माणसाने रजिस्टर पुढे ओढलं.
वाहन क्रमांक?
सायकलला नंबर नसतो, म्हटलं.
त्याने लिहिलं : निरंक.
सोबत किती जण?
निरंक.
प्रवासाचा उद्देश?
इथे त्याचं पेन थांबलं. मीही थांबले.
मागे बांबूचा ट्रक हॉर्न देत होता.
लिहा काहीतरी.
"काहीतरी कसं लिवू मॅडम, साहेब पाह्यते ना थे."
मग त्यानेच लिहिलं : असंच.

तीस वर्षं पंचायत समितीत
मी हाच शब्द लिहीत आले,
दर महिन्याच्या पाच तारखेला, तीन प्रतींत.
शून्य लिहिलं तर कुणीही अलीकडे आकडा घालतो,
निरंकाला काही चिकटत नाही,
असं वानखडेबाबूंनी पहिल्याच दिवशी शिकवलेलं.
त्यांना सायकल येत नव्हती.

बिहालीपासून चढ सुरू होतो तो डोळ्यांना दिसत नाही,
मांड्यांना कळतो.
पौषातलं ऊन, सागाच्या पानांची जाळी झालेली,
एकेक पान पडताना ताटासारखा आवाज करतं.
धारणी गाडी बाजूने गेली,
खिडकीतून एक लुगडं, एक हात, एक प्रश्न :
"एकटीच काय वं माय?"
उत्तर द्यायला तोंड उघडलं
तोवर वळणाने तिला नेलं.
पुढचे तीन किलोमीटर मी उत्तर देत होते.
वेगवेगळी उत्तरं.
शेवटी दम लागला म्हणून गप्प बसले.

घटांगच्या वर कुठेतरी
पाणी ठरवतं कुठे जायचं.
तिथे फलक नाही. एक मोहाचं झाड आहे,
त्याच्या बुंध्याला कुणीतरी शेंदूर फासलाय.
अलीकडे पडलेला थेंब सापनेला, मग पूर्णेला.
पलीकडे पडलेला सिपनेला, मग तापीला.
सापन आणि सिपना,
एकाच वर्गातल्या दोन मुलींसारखी नावं,
हजेरीत मास्तर चुकतील अशी.
बाटलीत तळाशी राहिलेलं पाणी
अर्धं इकडे ओतलं, अर्धं तिकडे.
मातीने दोन्ही पिऊन टाकलं.
पार चांगदेवापाशी पूर्णा तापीला मिळते म्हणतात.
म्हणजे भांडण तेवढंच लांब.

उतार आला आणि मी ब्रेक सोडले.
बावन्नाव्या वर्षी. डोळ्यांत पाणी, कानांत वारा,
ओढणी नीट खोचलेली नाही,
हे सगळं चुकीचं आहे हे माहीत असताना.

सेमाडोहच्या अलीकडे मागचं चाक बसलं.
बोरीचा काटा. साधा, आपला, ओळखीचा.
मुंगीलाल कासदेकर गुरं सोडून बघायला आला,
मदत करायला नाही, बघायला.
ट्यूब काढेपर्यंत उकिडवा बसून राहिला,
मग म्हणाला, डा.
पाण्याला तो डा म्हणतो.
एका अक्षराचं पाणी.
आम्ही ट्यूब सिपनेत बुडवली,
तो एका बाजूने फिरवत, मी दुसऱ्या,
आणि बुडबुड्यांची बारीक माळ वर आली.
परतवाड्याची हवा होती ती,
मेन रोडवरच्या दुकानात भरलेली,
भज्यांच्या आणि डिझेलच्या वासाची.
नदीने ती घेतली, काही म्हणाली नाही.
ठिगळ बसल्यावर पंप मुंगीलालने मारला.
मोजून मारला, आपल्या भाषेत.
मला वाटलं शंभरावर थांबेल.
तो थांबला तेव्हा हसला, एवढंच.

आता मागच्या चाकात सेमाडोहची हवा आहे
आणि पुढच्यात घरची.
सायकल थोडी वेगळी चालते.
की मीच.

तिसऱ्या दिवशी तापीच्या पुलावर उभी राहिले.
खाली पाणी कमी, खडक जास्त,
एक माणूस म्हशीच्या पाठीवर गवताचा चोथा घासत होता.
माझं अर्धं पाणी अजून पोचलं नसेल.
उतारावर मी त्याच्या पुढे निघून आले असेन,
किंवा ते तिथेच, मोहाच्या मुळाशी.

परतताना नाक्यावर दुसराच माणूस होता.
त्याने जुनं पान उघडलं, बोट फिरवत खाली आला,
माझ्या ओळीवर थांबला.
"असंच म्हंजे काय बा?"
मी हँडल धरून उभी.
चेन अजून कुरकुरत होती, तेल संपलेलं.