साकु

ओपीडीच्या कागदाच्या पाठीवर
डॉक्टर हिरेमठांनी एक वर्तुळ काढलं
आणि त्याच्या रेघेवरच एक खुंटी:
अर्धी बाहेर, अर्धी आत.

"ही पेशीची शीव. हा शिवेवरचा रिसेप्टर.
बाहेरून निरोप येतो, वाढ.
हा आत कळवतो.
निरोप थांबला की हा गप्प."
मराठी शब्द शोधायला ते मधेमधे थांबत होते.
मी थांबलो त्यांच्यासाठी.
शिवेवर राहणं काय, ते मला नवं नाही.

"तुमच्या भाच्याच्या रिसेप्टरमध्ये
एक तुकडा दोनदा आलाय.
निरोप नसताना ओरडतोय तो. रात्रंदिवस."

दोनदा.
मी वडगावचा, माग दुरुस्त करतो.
एकदा जकार्डच्या माळेत
माझ्या हातून एकच पत्ता दोनदा ओवला गेला,
आणि पदरभर कोयरीवर कोयरी, कोयरीवर कोयरी.
साडी परत आली. पैसे मी भरले.
ती चूक हातात धरून बघता आली, तेवढं बरं होतं.

ताण्याचा धागा तुटला तर पिन पडते,
माग आपोआप उभा राहतो.
रक्तालाही अशी पिन असते म्हणे.
प्रज्वलची पडत नाही.
कच्च्या पांढऱ्या पेशी, एक लाख दहा हजार;
सिस्टरनं आकडा कन्नडमधून सांगितला
आणि अक्कानं तो मराठीत ऐकला,
तरी कमी झाला नाही.

आमच्या घरात दोन्ही चालतं.
ताटावर हात आडवा धरून
कुणी म्हणतं पुरे, कुणी म्हणतं साकु,
वाढणारीचा हात थांबतो.
त्याच्या हाडांत कोण वाढतंय
जिला एकही भाषा येत नाही?

गोळी आहे, सकाळ-संध्याकाळ,
त्या खुंटीचं तोंड दाबून धरणारी.
किती दिवस धरेल, ते डॉक्टर सांगत नाहीत.
धाकटीचं रक्त जुळतं का बघायला पाठवलंय.
"मामा, तिला सुई जाडी लावतील काय गा?"
एवढंच विचारलं त्यानं.

काल रात्री घरी आलो, आणि लाइट गेली.
अख्ख्या गल्लीतले माग एकदम गप्प.
आवाजात झोपणारी आमची माणसं
शांततेनं दचकून जागी होतात.
अंधारात मी अक्काला फोन लावला.
ती म्हणाली, आज अर्धी भाकरी खाल्ली त्यानं.
मग साकु म्हणाला.