शिसं

मे महिन्यात आले ते, मिसुरीकडून,
एक तोफ आणि तीन पिंपं दारू घेऊन.
आधी छापखाना फोडला.
माझी खिळ्यांची घरं अंगणात उलटी झाली,
तिथून टोपल्या भरभरून नदीत.
शिसं बुडतं तेव्हा एकदाच डुब्‌ होतं,
मग नदी आधी होती तशीच.

पाणी उतरलं तशी पोरं गाळात शिरली.
धाकटी थिओडा झग्याच्या ओच्यात अक्षरं घेऊन आली,
'आर' पुष्कळ, 'ई' त्याहून जास्त.
मी ती धुतली, ओळीने मांडली. सवय.
तोवर ॲमासा स्पर्लिनने कढई चढवली होती.

पंचवीस वर्षं पांढऱ्यावर काळं करत आलो,
अक्षर वितळताना पाहिलं नव्हतं.
आधी टोकं जातात.
हीच अक्षरं केंटकीत असताना
पळालेल्यांची वर्णनं जुळवायची:
उंची, दात, पाठीवरचे वळ, बक्षीस.
कढईत सगळी सारखीच चकाकली.

साच्यातून चाळीस गोळ्या निघाल्या.
एक लायसँडर पोग्यूच्या पोटात गेली.
त्याच्याकडे गुलाम नव्हता. बैलसुद्धा दुसऱ्याचे.
मार्चमध्ये त्याने मला नांगर दिला होता,
बदल्यात एक कॅलेंडर मागितलं होतं, फुकट.
मरायला दोन दिवस लागले त्याला.
नंतर त्याची बायको दारात आली
आणि विचारू लागली,
कोणतं अक्षर होतं ते.

केझायाबद्दल कुणीच विचारत नाही.
फेब्रुवारीत गोठलेली नदी ओलांडून आली,
एका पायात बूट, दुसऱ्याला गोणपाट.
अकरा दिवस माझ्या तळघरात, कागदाच्या गठ्ठ्यांमागे.
वाचायला शिकली ती खिळ्यांवरूनच,
म्हणजे उलटं.
छापलेला कागद तिला लागायचा नाही.

बाराव्या रात्री दगडावर फर्मा तयार होता:
आमच्या नव्या, मुक्त राज्याची घटना,
आम्हीच मतं दिलेली.
बोट फिरवता फिरवता ती थांबली.
उजवीकडून डावीकडे, एकेक शब्द, मोठ्याने:
काळ्या माणसाला, गुलाम असो वा मुक्त,
या राज्यात राहता येणार नाही.
ओळ मीच जुळवली होती. एकही चूक नव्हती.

"ही तुमची बाजू?" तिने विचारलं.
मी दिव्याची वात खाली केली.

पहाटे ती उत्तरेला गेली, नेब्रास्काच्या वाटेने.
मथळ्याच्या खणातला मोठा 'के' नव्हता,
इंचभर उंच, एकुलता एक.
तिच्या नावाचं पहिलं अक्षर.
आमच्या कॅन्ससचंही, पण हे
पुढचा अंक लावायला बसलो तेव्हा ध्यानात आलं.

अक्रोडाचं लाकूड घेऊन रात्रीत नवा कोरला.
घाईत कोरला सुलटा,
म्हणून छापला गेला उलटा.
सगळे हसले.
तिला तो वाचता आला असता.