मजकूर

सत्तावीस वर्षं झाली,
सिव्हिल लाईन्सला, कोर्टाच्या फाटकाबाहेर,
कडुनिंबाखालच्या टेबलावर
मी लोकांची भांडणं टाईप करतो.
पानाला तीस रुपये. दुरुस्ती फुकट.

बांधावरून, नळावरून, हुंड्यावरून,
कोणाच्या म्हशीनं कोणाचं काय खाल्लं त्यावरून.
माणूस रडत सांगतो,
मी त्याचं 'सदर' करतो, 'उपरोक्त' करतो.
'जिवे मारण्याची धमकी' बहुतेक वेळा मीच सुचवतो,
तिच्याशिवाय अर्ज हलका वाटतो साहेबाला.

आज टेबलावर माझंच पाकीट आहे.
मेडिकलच्या कॅज्युअल्टीतला कागद,
त्यावर निळा शिक्का, तिरका.
वरचा पुढचा दात, अर्धा. ओठाला तीन टाके.
दाताचा तुकडा मंदानं काडेपेटीत ठेवलाय,
पुरावा म्हणून.

"लिहा," ती म्हणते. "दुनियेचं लिहिता,
आपल्या पोराचं लिहाले काऊन हात थरथरून राहिला?
आज सोडलं तं उद्या डोळा फोडन तो."
चूक नाही तिचं काही.
मुख्याध्यापक म्हणाले, आपसात मिटवून घ्या,
आणि बोलताना पूर्ण वेळ
भिंतीवरच्या ढालींकडे पाहत होते,
सुहितच्या तोंडाकडे एकदाही नाही.
तेव्हा माझंही डोकं तापलं होतं.

गौरकर वकील तर्रीपोह्याच्या प्लेटवरून म्हणाले,
"टाकून दे. दोन तारखा लागल्या
की बाप धावत येते. मग बसू, आकडा बोलू."

बाप आला होता.
काल रात्री, गल्लीच्या तोंडाशी.
कूलरच्या ताट्या भरणारा माणूस,
वाळ्याची कुसळं शर्टाला तशीच.
गाडी बंद केली. पुन्हा सुरू केली. गेला.
मी गच्चीवरून पाहत होतो,
हाक मारली नाही.

आज दुपारी सुरू केलं.
अर्जदार: रिकामं ठेवलं, मागाहून भरू.
गैरअर्जदार: शार्दुल हेडाऊ.
वय:
इथं आली की बोटं आपोआप चालतात,
'अंदाजे ४५ वर्षे, धंदा शेती'.
खोडलं. बारा केलं.
धंदा:
काय लिहायचं असतं,
सातवी ब?

'सदर इसमाने' लिहिलं नि थांबलो.
हा इसम
दिवाळीत आमच्याकडे मोजून सात चकल्या खाऊन गेलेला.
ब्रेक नसलेल्या सायकलवर डबलसीट
सुहितला सक्करदऱ्याच्या तलावाकडे नेणारा,
आणि परत येताना सुहितला चालवायला देणारा.

घरी फोन लावून सुहितला विचारलं,
धमकी दिली होती का त्यानं? काय म्हणाला?
सुहित गप्प.
आणि तू? तू काय म्हणाला होतास त्याला आधी?
त्यावर आणखीच गप्प.
फोनमध्ये नुसता पंख्याचा आवाज.

संध्याकाळी प्रिंट घरी आणली.
मंदा वाचत होती, ओठ हलवत.
मागून सुहित डोकावला,
अर्ध्या दातातून हवा सोडत म्हणाला,
"बाबा, दू दीर्घ आहे त्याचा.
ऱ्हस्व लिहिला की चिडते तो."

दुरुस्ती फुकट असते माझ्याकडे.
पेन घेतलं, उकार मोठा केला.
मंदानं माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे.
काडेपेटी उचलून
देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवली.
फेकली नाही.

सहीची जागा अजून कोरी.
उद्या टेबलावर जायच्या आधी
ताट्यावाल्याच्या गल्लीतून जाईन म्हणतो.
कागद खिशात राहील.
बाहेर काढायचा की नाही
ते त्याचं दार उघडल्यावर.