निवटी

अभियंता म्हणाले, देव लावा.
देव असले की थुंकत नाहीत लोक.

मी खाडी भाजली.
बाराशे अंशांवर, एकशे चाळीस फरशा,
तिवरं, चिंबोऱ्या, गाळाची करडी झिलई.
कोपरीच्या भुयारी वाटेत रात्री दहानंतर
इम्तियाज मिस्त्रीनं ओळंबा धरून
ती भिंतीवर चढवली.

चेंदणीची मोगराबाय पाटी घेऊन थांबली.
अंगठा फिरवत गेली एकेका मासळीवरून.
निवटीपाशी अडली.
"हिचं डोलं वर अस्तान गो, टालक्यावर.
तू तर आंधली केलीस."

छिन्नीनं फरशी काढली.
चौकोनभर सिमेंट उघडं.
भट्टी निवायलाच दोन दिवस लागतात.

तेवढ्यात कुणीतरी तिथं
बाजारातला छापील गणपती चिकटवला,
वर झेंडूचं फूल.
माझ्या खाडीत देव, गुडघाभर गाळात.

काढणार कोण?

नवी निवटी घेऊन चेंदणीला गेले.
डोळे वर, टकटकीत.
आता ती मोगराबायच्या पाटीवर असते,
प्लास्टिक उडू नये म्हणून,
ओली, खवल्यांनी माखलेली,
आणि एखादं गिऱ्हाईक वाकून विचारतं,
ही कशी दिली?